सारे ध्वनिमुद्रित, तरी वॉटरगेट अनुत्तरित

ढाक्यात पाकिस्तानी फौजांनी शरणागती पत्करल्याला जेमतेम पाच दिवस झाले होते. 21 डिसेंबर 1971 रोजी सायंकाळी व्हाइट हाउसच्या ओव्हल ऑफिसमध्ये अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्यासमोर त्यांचे तीन विश्वासू सहकारी बसले होते : बॉब हॅल्डेमन, जॉन अर्लिकमन आणि अ‍ॅटर्नी जनरल जॉन मिचेल. भारत-पाक युद्धासंबंधी अमेरिकी प्रशासनाच्या अतिगोपनीय बैठकांची इतिवृत्ते स्तंभलेखक जॅक अँडरसन यांच्या हाती लागली होती. निक्सन सरकार जगाला तटस्थतेची ग्वाही देत असताना आतून पाकिस्तानच्या बाजूने कसे झुकले होते, हे त्या लेखांमुळे चव्हाट्यावर आले. ही कागदपत्रे फोडली कोणी, याचा शोध व्हाइट हाउसच्याच एका गुप्त पथकाने घेतला आणि जे हाती आले ते मूळ संशयापेक्षा कितीतरी भयंकर होते.

संशय चार्ल्स रॅडफर्ड या नौदलातील लेखनिकावर होता. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत येण्यापूर्वी तो दिल्लीच्या अमेरिकी दूतावासात नेमणुकीस होता आणि अँडरसन यांच्या आईवडिलांशी त्याची ओळख दिल्लीतच झाली होती. अँडरसन यांना कागद दिल्याचे त्याने अखेरपर्यंत नाकारले. मात्र चौकशीत त्याने वेगळीच कबुली दिली. हेन्री किसिंजर यांच्या बॅगांतून, टेबलांवरून, जाळण्यासाठी ठेवलेल्या कागदांच्या पिशव्यांतूनही तो दस्तऐवज काढून घेत असे आणि त्यांच्या प्रती आपल्या वरिष्ठ अ‍ॅडमिरलांना पोहोचवत असे. तेथून ते कागद संयुक्त सेनाप्रमुख समितीचे अध्यक्ष अ‍ॅडमिरल थॉमस मूरर यांच्यापर्यंत जात. जुलै 1971 मध्ये किसिंजर यांच्या आशिया दौऱ्यातही हा लेखनिक सोबत होता. याचा अर्थ, अमेरिकेचे सेनाप्रमुख आपल्याच अध्यक्षांवर हेरगिरी करीत होते.

निक्सन संतापले, पण थोड्याच वेळात हिशेबाला लागले. प्रकरण उघड झाले तर सैन्यदलाची अब्रू जाईल आणि चीनशी चाललेल्या गुप्त वाटाघाटीही धोक्यात येतील, असे त्यांनी ठरवले. रॅडफर्डची दूर बदली झाली, त्याच्या दूरध्वनीवर पाळत बसली. मूरर यांना काढले तर नाहीच, उलट पुढच्या वर्षी त्यांची त्याच पदावर फेरनियुक्ती झाली. आपल्यावर पाळत ठेवणारा सेनाप्रमुख निक्सन यांनी मुठीत ठेवला, की त्या सेनाप्रमुखाने त्यांना मुठीत ठेवले? हा प्रश्न 1974 च्या जानेवारीत प्रकरण वृत्तपत्रांत आल्यावर विचारला गेला आणि सिनेटच्या एका समितीने थोडीफार साक्ष घेऊन तो सोडून दिला. त्या सायंकाळची बैठक मात्र शब्दशः उपलब्ध आहे, कारण त्याच खोलीत निक्सन यांनी बसवून घेतलेले ध्वनिमुद्रण यंत्र चालू होते.

निक्सन यांच्या चरित्रातील खरी विसंगती येथे आहे. इतके बोलणे नोंदवून ठेवणारा अध्यक्ष अमेरिकेत दुसरा झाला नाही आणि ज्याच्याविषयी इतके मूलभूत प्रश्न अनुत्तरित राहिले असाही दुसरा नाही.

9 जानेवारी 1913 रोजी कॅलिफोर्नियातील योर्बा लिंडा येथे एका क्वेकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांची लिंबाची बाग बुडाली, मग व्हिटिअरमध्ये किराणा दुकान आणि पेट्रोल पंप आला. दोन भाऊ अकाली गेले, त्यातला थोरला क्षयाने. हुशारीवर ते ड्यूक विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात पोहोचले. तेथील एक प्रसंग त्यांचे चरित्रकार आवर्जून नोंदवतात : परीक्षेत आपला कितवा क्रमांक आला हे कळण्यास विलंब होत असल्याने निक्सन आणि दोन मित्र अधिष्ठात्यांच्या बंद कार्यालयात शिरले आणि गुणपत्रके पाहून आले. विद्यार्थिदशेतील हूड म्हणून हा प्रसंग सोडून देता आला असता, जर पुढचे काही घडले नसते तर. 1937 मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी एफबीआयमध्ये नोकरीसाठी अर्ज केला होता. नेमणूक मंजूर झाली आणि कळवण्यापूर्वीच रद्दही झाली.

दुसऱ्या महायुद्धात नौदलातील नोकरी, 1946 मध्ये प्रतिनिधिगृहात प्रवेश, 1950 मध्ये सिनेट, आणि वयाच्या चाळिशीत आयझेनहॉवर यांचे उपाध्यक्षपद. हा वेग थक्क करणारा होता, आणि त्यामागे 1948 चे अ‍ॅल्जर हिस प्रकरण होते. परराष्ट्र खात्यातील या माजी बड्या अधिकाऱ्यावर सोव्हिएत हेरगिरीचा आरोप होता. तरुण निक्सन यांनी चिकाटीने त्याचा पाठलाग केला. हिस यांना अखेर शिक्षा झाली ती हेरगिरीसाठी नव्हे, शपथेवर खोटे बोलल्याबद्दल. मूळ कृत्यापेक्षा लपवाछपवी माणसाला बुडवते, हा धडा निक्सन पुढे सहकाऱ्यांना वारंवार देत असत. तो स्वतःला लागू आहे, असे त्यांना कधी वाटल्याचे दिसत नाही.

1960 मध्ये केनेडी यांच्याकडून सुमारे 6 कोटी 80 लाख मतांपैकी अवघ्या 1 लाख 12 हजारांच्या फरकाने ते हरले. 1962 मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूकही गेली. पूर्व किनाऱ्यावरचे उच्चभ्रू, वृत्तपत्रे आणि केनेडी घराणे आपल्याविरुद्ध एक झाले आहेत, ही त्यांची समजूत या काळात पक्की झाली. तीत अतिशयोक्ती होती, पण ती सर्वस्वी निराधारही नव्हती.

1968 च्या निवडणुकीत तर पाळत प्रत्यक्षच होती. व्हिएतनामबाबत पॅरिसमध्ये होऊ घातलेल्या वाटाघाटींत दक्षिण व्हिएतनामने सामील होऊ नये, निक्सन सत्तेवर येईपर्यंत थांबावे, असा निरोप त्यांच्या गोटातून अ‍ॅना शेनॉल्ट या मध्यस्थ महिलेमार्फत जात असल्याचा संशय अध्यक्ष जॉन्सन यांना आला. त्यांनी दक्षिण व्हिएतनामच्या दूतावासावर आणि शेनॉल्ट यांच्यावर एफबीआयची नजर बसवली. जॉन्सन यांनी हे जाहीर केले नाही, कारण आपली पाळतही मग जाहीर करावी लागली असती. दोन्ही बाजूंना गप्प राहण्याची अशी सोय झाली आणि निक्सन निवडून आले. निक्सन यांनी हे आरोप आयुष्यभर नाकारले. पुढे हॅल्डेमन यांच्या 22 ऑक्टोबर 1968 च्या हस्तलिखित टिपणांतून, वाटाघाटींत खीळ घालण्याची सूचना खुद्द निक्सन यांनीच दिल्याचे समोर आले. ही टिपणे 2017 च्या सुमारास चरित्रकार जॉन फॅरेल यांनी प्रकाशात आणली.

या पार्श्वभूमीवर त्यांच्या सत्ताकाळातील पाळतीकडे पाहावे लागते. मे 1969 मध्ये कंबोडियातील गुप्त बॉम्बहल्ल्यांची बातमी न्यूयॉर्क टाइम्सने दिली. गळती रोखण्यासाठी एफबीआयकरवी 17 जणांचे दूरध्वनी ऐकण्यास सुरुवात झाली. त्यांत 13 सरकारी अधिकारी आणि 4 पत्रकार होते. न्यायालयाची अनुमती कोणत्याही प्रकरणी घेतलेली नव्हती. नावे सुचवण्यात किसिंजर यांचे कार्यालय पुढे होते. त्यांचेच सहकारी मॉर्टन हॅल्परिन यांच्या घरचा दूरध्वनी 21 महिने ऐकला गेला. हॅल्परिन यांनी सप्टेंबर 1969 मध्येच सरकार सोडले होते. पुढे ते डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर एडमंड मस्की यांचे सल्लागार झाले आणि पाळत चालूच राहिली. गुपित फोडणाऱ्याचा शोध घेणारे यंत्र विरोधी पक्षाची खबर आणू लागले, ही रेघ कोणत्या दिवशी ओलांडली गेली, हे त्या नोंदींवरूनही सांगता येत नाही. स्तंभलेखक जोसेफ क्राफ्ट यांच्यावर वेगळी पाळत होती. खुद्द अध्यक्षांचे बंधू डोनाल्ड निक्सन यांचा दूरध्वनीही सीक्रेट सर्व्हिसने ऐकला!

1970 च्या जुलैत टॉम ह्यूस्टन या तरुण सहायकाने एक आराखडा केला : टपाल उघडणे, बेकायदा घरझडत्या, विद्यार्थी चळवळींवर वाढीव पाळत. निक्सन यांनी त्यास मंजुरी दिली. काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली, आणि तीही कोणा नागरी हक्कवाद्यामुळे नव्हे. एफबीआयचे संचालक जे. एडगर हूवर यांना आपल्या राज्यात वाटेकरी नको होते. अमेरिकी नागरिकांचे स्वातंत्र्य त्या आठवड्यात हूवर यांच्या खातेनिहाय मत्सराने वाचवले, असेच म्हणावे लागेल. पुढच्याच वर्षी 17 टॅपिंगच्या नोंदी एफबीआयमधून काढून व्हाइट हाउसमध्ये अर्लिकमन यांच्या तिजोरीत हलवण्यात आल्या. हूवर त्यांचा वापर अध्यक्षांवर दबाव आणण्यासाठी करतील, ही भीती त्यामागे होती.

13 जून 1971 रोजी पेंटॅगॉन पेपर्स प्रसिद्ध होऊ लागले आणि निक्सन यांचा तोल सुटला. ती कागदपत्रे त्यांच्या अध्यक्षपदापूर्वीच्या काळाची होती, त्यांची स्वतःची त्यात बदनामी नव्हती. मग इतका क्षोभ का? 17 जून 1971 च्या ध्वनिफितीत याचे एक उत्तर दडलेले असावे. त्या दिवशी त्यांनी ब्रुकिंग्ज या संशोधन संस्थेत चोरी करून जॉन्सन यांच्या 1968 च्या बॉम्बबंदीसंबंधीची फाइल पळवून आणण्याचा हुकूम दिला. तो अमलात आला नाही आणि अशी फाइल तेथे असल्याचे कधी निष्पन्नही झाले नाही. शेनॉल्ट प्रकरणात आपल्याविरुद्धचा पुरावा कोणाच्या तरी कपाटात पडून आहे, ही धास्ती त्यांना असावी, असा तर्क अनेक अभ्यासक करतात आणि तो पटण्यासारखा आहे. नेमके एका वर्षाने, 17 जून 1972 रोजी, वॉटरगेट इमारतीत पाच जण पकडले गेले.

दरम्यान ‘प्लंबर्स’ हे पथक उभे राहिले होते. गळती बुजवणारे म्हणून हे नाव. एजिल क्रो आणि डेव्हिड यंग त्याचे प्रमुख; माजी सीआयए अधिकारी हॉवर्ड हंट आणि माजी एफबीआय अधिकारी गॉर्डन लिडी हे हात. सप्टेंबर 1971 मध्ये पेंटॅगॉन पेपर्स फोडणारे डॅनिएल एल्सबर्ग यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचे कार्यालय त्यांनी फोडले. डिसेंबरात रॅडफर्डचा छडा याच पथकातील यंग यांनी लावला. दिल्लीच्या दृष्टीने या प्रकरणाला आणखी एक शेपूट आहे. त्या युद्धकाळात इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळातील चर्चेचा वृत्तांत सीआयएला मिळत होता आणि त्याच आधारावर भारत पश्चिम पाकिस्तान मोडून काढणार, असा निष्कर्ष निक्सन-किसिंजर यांनी काढला. विमानवाहू एंटरप्राइज बंगालच्या उपसागराकडे निघाली त्यामागे हे गृहीत होते. तो खबऱ्या कोण? पत्रकार सेमूर हर्श यांनी 1983 मध्ये मोरारजी देसाई यांचे नाव घेतले. वास्तविक मोरारजी 1969 मध्येच सरकारबाहेर पडले होते. त्यांनी अमेरिकेत अब्रुनुकसानीचा खटला भरला. सीआयएसाठी ते काम करीत असल्याचे आपल्याला माहीत नाही, अशी साक्ष किसिंजर यांनी दिली. तरीही 1989 मध्ये ज्यूरीने निकाल हर्श यांच्या बाजूने दिला, कारण सार्वजनिक व्यक्तीला तेथे लेखकाचा दुष्ट हेतू सिद्ध करावा लागतो. आरोप खरा ठरला, असा त्या निकालाचा अर्थ नव्हता. खबऱ्याचे नाव आजही निर्विवादपणे सांगता येत नाही.

आता मूळ चोरीकडे. लिडी यांनी 27 जानेवारी 1972 रोजी अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयात बसून 10 लाख डॉलरचा हेरगिरीचा आराखडा मांडला. देशाच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याने त्यांना अटक करण्याऐवजी खर्च कमी करून आणायला सांगितले. अडीच लाखांची आवृत्ती मार्चअखेर मंजूर झाली, असे फेरनिवडणूक समितीचे जेब मॅग्रूडर सांगत; मिचेल 1988 मध्ये मरेपर्यंत ते नाकारत राहिले. 2003 मध्ये मॅग्रूडर यांनी आणखी पुढे जाऊन, निक्सन यांनी दूरध्वनीवरून मिचेल यांना होकार दिल्याचे आपण ऐकले, असा दावा केला. त्यास दुसरा कोणताही आधार नाही आणि तीस वर्षांनी सुचलेल्या स्मृतीवर किती विसंबावे, हे ज्याने त्याने ठरवावे.

28 मे 1972 रोजी डेमोक्रॅटिक पक्षाच्या मुख्यालयात शिरून दोन दूरध्वनींत यंत्रे बसवण्यात आली. पक्षाध्यक्ष लॅरी ओब्रायन यांच्या दूरध्वनीचे यंत्र चाललेच नाही. चालले ते स्पेन्सर ऑलिव्हर या तुलनेने अपरिचित पदाधिकाऱ्याच्या दूरध्वनीचे. समोरच्या मोटेलमधून ते संभाषण ऐकून टिपणे काढली जात. 17 जूनला पुन्हा शिरण्याचे कारण काय? बिघडलेले यंत्र दुरुस्त करणे, हे एक उत्तर. ओब्रायन यांचे उद्योगपती हॉवर्ड ह्यूज यांच्याशी आर्थिक संबंध होते आणि ह्यूज यांनी निक्सन यांच्या मित्राला दिलेल्या 1 लाख डॉलरची माहिती ओब्रायन यांच्याकडे असेल, ही भीती, हे दुसरे. पकडलेल्यांपैकी एकाकडे सापडलेली किल्ली ओब्रायन यांच्या दालनाची नव्हे, ऑलिव्हर यांच्या सचिवाच्या टेबलाची होती; तिने तिसऱ्या तर्काला जागा दिली. पाचांपैकी एउहेनिओ मार्टिनेझ त्या दिवशीही सीआयएच्या मानधनावर होता. सिनेटर हॉवर्ड बेकर यांनी सीआयएच्या भूमिकेवर स्वतंत्र अहवाल दिला, पण निष्कर्षाप्रत ते पोहोचले नाहीत. जे ऐकले गेले त्याचा मजकूर पाहिला असता तर हेतू उलगडला असता. परंतु बेकायदा ऐकलेले संभाषण उघड करणे हा दुसरा अपराध ठरेल, या भूमिकेतून न्यायालयाने तो बंद ठेवला. 2012 मध्ये खटल्याचे काही कागद खुले झाले तेव्हाही तो बंदच राहिला. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच. इतिहासाची मात्र कोंडी झाली.

चोरीचा आदेश निक्सन यांनी दिला, असा पुरावा नाही. लपवाछपवीचा आहे, आणि तो त्यांच्याच आवाजात आहे. 23 जून 1972 रोजी सीआयएला पुढे करून एफबीआयचा तपास थांबवण्यास त्यांनी मान्यता दिली. नोव्हेंबरमध्ये 50 पैकी 49 राज्ये जिंकून ते पुन्हा निवडून आले, म्हणजे या साऱ्या उद्योगाची गरजच नव्हती. 16 जुलै 1973 रोजी अलेक्झांडर बटरफिल्ड यांनी सिनेट समितीसमोर ध्वनिमुद्रण यंत्रणेचे अस्तित्व सांगितले आणि पुढचे वर्ष फितींच्या ताब्यासाठीच्या लढाईत गेले. 20 ऑक्टोबर 1973 रोजी खास अभियोक्ते आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढण्यासाठी अ‍ॅटर्नी जनरल आणि त्यांच्या उपप्रमुखाला पद सोडावे लागले. 24 जुलै 1974 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 8-0 असा निर्णय दिला. 9 ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. 8 सप्टेंबर रोजी जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना संपूर्ण माफी दिली.

या माफीचे समर्थन पुढे अनेकांनी केले. देश पुढे जावा म्हणून ती आवश्यक होती, असे सांगितले जाते. पण तिची एक किंमत आहे, तिच्याकडे दुर्लक्ष होते. खटला झाला असता तर उलटतपासणी झाली असती. जून 1975 मध्ये ग्रँड ज्यूरीसाठी त्यांनी दोन दिवस साक्ष दिली. ती 2011 मध्ये खुली झाली तेव्हा तीत फारसे नवे सापडले नाही. लपवाछपवीसाठी मिचेल, हॅल्डेमन, अर्लिकमन तुरुंगात गेले. एल्सबर्ग यांच्या डॉक्टरकडील घरफोडीसाठीही शिक्षा झाल्या. 17 टॅपिंगसाठी मात्र कोणीही तुरुंगात गेले नाही. महाभियोगाच्या दुसऱ्या कलमात या पाळतीचा समावेश होता. राजीनाम्यामुळे ते पूर्ण प्रतिनिधिगृहापुढे मतास आलेच नाही. हॅल्परिन यांचा दिवाणी दावा जवळजवळ दोन दशके चालून 1992 मध्ये किसिंजर यांच्या दिलगिरीच्या पत्रावर मिटला. वॉटरगेटच्या घरफोडीनंतर अवघ्या दोन दिवसांनी, 19 जून 1972 रोजी, अंतर्गत सुरक्षेच्या नावाखाली न्यायालयीन अनुमतीविना टॅपिंग करणे घटनाबाह्य असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दिला होता. तो घरफोडीच्या बातम्यांखाली दबला. 1978 मध्ये परकीय हेरगिरीसाठीच्या टॅपिंगवर देखरेख करणारे खास न्यायालय स्थापन झाले, ते निक्सन काळाचेच फलित. आणि जुलै 2024 मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षांना पदाच्या मूळ अधिकारांतील कृत्यांबद्दल फौजदारी खटल्यापासून संरक्षण दिले. तपास यंत्रणेला आदेश देणे हे अधिकृत कृत्य मानायचे, तर 23 जूनची ध्वनिफीत आज कितपत उपयोगी पडली असती, अशी चर्चा तेथील कायदेपंडितांत झाली.

निवृत्तीतही विसंगती संपली नाही. वॉशिंग्टन पोस्टला माहिती पुरवणारा अज्ञात सूत्रधार एफबीआयचे मार्क फेल्ट हेच असावेत, असा संशय निक्सन यांना 1972 पासूनच होता. बेकायदा घरझडत्यांना मंजुरी दिल्याबद्दल 1980 मध्ये फेल्ट यांच्यावरच खटला उभा राहिला, तेव्हा निक्सन साक्षीला आले आणि अशा झडत्यांचा अधिकार अध्यक्षांना असतो, असे सांगून त्यांनी फेल्ट यांचीच बाजू राखली. फेल्ट दोषी ठरले, पुढे रेगन यांनी त्यांना माफ केले. तो सूत्रधार आपणच होतो, हे त्यांनी 2005 मध्ये सांगितले; निक्सन तेव्हा हयात नव्हते.

22 एप्रिल 1994 रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्षाघाताने त्यांचे निधन झाले. तोवर सुमारे 3,700 तासांच्या ध्वनिफितींपैकी बहुतांश खुल्या होऊ नयेत म्हणून त्यांचे वकील न्यायालयात झगडत होते. खुल्या करण्याचे काम 2013 पर्यंत चालले. इंदिरा गांधींविषयीची त्यांची असभ्य भाषा 2005 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये जगाने वाचली. राहिली ती 20 जून 1972 ची, घरफोडीनंतर तिसऱ्या दिवशीची फीत. हॅल्डेमन यांच्या टिपणांनुसार त्या बैठकीत वॉटरगेटची चर्चा झाली होती. फितीवर साडेअठरा मिनिटे केवळ गुणगुण ऐकू येते. किमान पाच वेळा ती पुसली गेल्याचे तज्ज्ञांनी 1974 मध्ये सांगितले. कोणी पुसली, ते सिद्ध झाले नाही. 2003 पर्यंतच्या चाचण्यांत पुसलेला आवाज परत मिळवता आला नाही. पुढेमागे तसे तंत्र निघेल, या अपेक्षेने अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ती फीत जपून ठेवली आहे.